बदली आणि कायम

मी खो-खोत भारी होते. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेकडून मी पळायला उतरले की समोरच्या पोरी आधीच तोंड पाडायच्या.

नववीत गेले आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या शेठने लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना उचलून दूर सचिन गावी नेला. कारखान्यामागे आबा, आबांमागे आम्ही. सचिनच्या गुजराती शाळेत माझं नाव घातलं. तिथल्या खेळाच्या बाईंनी, तिकडच्या भाषेत बेननी, मला एकदाच पळताना पाहिलं आणि म्हणाल्या, "जीत्या समजो!"

पण नियम आडवा आला. शाळा बदललेल्या मुलीला वर्षभर नव्या शाळेकडून खेळता येत नाही. शाळांनी एकमेकांचे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून तो केलेला. सूट एकच, वडिलांची बदली झाली असेल तर. आणि माझ्याविरुद्ध तक्रार कुणी करावी? माझ्याच जुन्या शाळेने! असा संताप झाला माझा. कालपर्यंत शाबासकी देणारे हेच! पुढचं वर्ष दहावीचं, आणि दहावीच्या पोरीला आमच्यात कोण मैदानावर जाऊ देतं? यंदा नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

क्रीडा कार्यालयातल्या साहेबांनी वडिलांना बोलावलं. आबा पाळी बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. बेन, आबा आणि मी टेबलासमोर उभे राहिलो. साहेबांनी गुजरातीतून साधा प्रश्न विचारला, "तमारी बदली थई छे?"

झालं! आबा लालेलाल. लूमवर 'बदली' म्हणजे कोण? कायमचा कारागीर आला नाही की त्या दिवसापुरता उभा करतात तो. आज आहे, उद्या नाही. आबांनी कित्येक वर्षं बदली म्हणून काढली होती, आणि कायम झाले तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते.

"मी बदली नही शे, साहेब!" आबा थेट अहिराणीवर आले. "कायमना माणूस शे मी!"

साहेबांना त्यातलं 'बदली नाही' एवढंच कळलं. मग मुलगी यंदा खेळणार नाही, असं सांगून ते मोकळे झाले. बेननी कपाळाला हात लावला. आबा मात्र छाती काढून उभे, किल्ला जिंकल्यासारखे.

हसावं की रडावं, मला कळेना. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे आईने शंभरदा बजावलेलं. पण खो मिळाला की उठायचं, एवढंच मला येत होतं. मी पुढे झाले आणि गुजरातीत म्हणाले, "साहेब, ते बदली कामगार नाहीत, असं सांगताहेत. पण कारखाना लिंबायतहून सचिनला गेला, म्हणून आम्ही गेलो. सरकारी माणसाची बदली होते, आमची लूमसकट होते. ही बदली नाही तर काय?"

साहेब हसले. त्यांनी शेठला फोन लावून खात्री केली आणि बेनना म्हणाले, "खेळू द्या हिला."

पण संघातल्या नऊ जणी एव्हाना ठरल्या होत्या. बेननी मला राखीव ठेवलं. घरी कसं सांगावं? जेवताना हळूच म्हटलं, "आबा, मला बदली खेळाडू म्हणून घेतलंय."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"बदलीच कायम व्हस, पोरी," ते म्हणाले. मग तोच घास उचलून खाल्ला आणि आईकडे भाजी मागितली.

सामना माझ्या जुन्या शाळेशीच पडला. आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला आणि बेननी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या दिवशी मी काय पळाले, ते त्या शाळेतल्या पोरींनाच विचारा! मैदानाभोवती आमच्या शाळेच्या पोरी माझं नाव घेऊन ओरडत होत्या. दोरीपलीकडे इस्त्रीच्या शर्टात आबा उभे होते, आणि ते एकटेच ओरडत होते, "कायम! कायम!"