केंद्राची पितळी चकती

माझी मावशी विज्ञान संग्रहालयात नोकरीला लागली ती पडदे शिवायला. तिथल्या खगोल दालनात विश्व प्रसरण पावतं हे समजावणारा माणूस सोडून गेला आणि त्याची पाठ झालेली वाक्यं ऐकून कंटाळलेली मावशी म्हणाली, "मी दाखवते." तिने रुंद इलॅस्टिकवर बटणं शिवली आणि ताणून दाखवली. कुठल्याही बटणावरून बघा, बाकीची लांबच जातात. एका बाईंनी विचारलं, "मग मधलं बटण हेच केंद्र ना?" मावशीने दुसऱ्या दिवशी इलॅस्टिकची दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकली. "आता शोधा मधलं. विश्व म्हणजे हे इलॅस्टिकच, कड्याच्या आतली हवा त्यात धरायची नाही." एकवीस वर्षं तिने हे दाखवलं. मलाही तिथे तिनेच चिकटवलं, बल्ब बदलायला.

मग नवे साहेब आले. त्यांनी दालनाच्या मधोमध पितळी चकती बसवली. 'विश्वाचं केंद्र. येथे उभे राहून फोटो काढा.' लोकांनी रांगा लावल्या. चकतीवर उभं राहून ओठांचा चंबू करणारे ते चेहरे बघून मला अक्षरशः शिसारी यायची. साहेबांच्या तर प्रत्येक गोष्टीची किळस वाटायची, कंगवा शर्टाला पुसायची सवय धरून.

मावशीला फर्मान आलं: खेळ संपताना चकतीकडे बोट दाखवून 'हेच ते केंद्र' म्हणायचं.

"नाही म्हणणार," मावशी म्हणाली.

"अहो बाई, लोकांना आवडतं. तुमचं काय जातंय?"

"केंद्र नाहीच आहे, साहेब. तुम्ही उभे राहिलात म्हणून ते होत नाही."

आजूबाजूचे चार कर्मचारी साहेबांच्या होला हो मिळवत होते, ते अचानक छताकडे बघू लागले. मीही बघितलं. तिथे बदलायला एकही बल्ब नव्हता.

सोमवारी मावशीला सामानघरात बसवलं, प्रेक्षकांच्या पिशव्या सांभाळायला. तिची जागा मला मिळाली. "जीभ वळते ना तुझी?" साहेबांनी विचारलं. मी मान डोलावली.

पहिल्याच खेळाला मी शेवटी हात लांब केला आणि म्हणालो, "हेच ते विश्वाचं केंद्र." शब्द अडखळलासुद्धा नाही, याचीच मला जास्त घाण वाटली. टाळ्या पडल्या.

दुपारी नेहमीसारखा मावशीकडे जेवायला गेलो. पिशव्यांच्या फळ्यांमध्ये ती स्टुलावर बसली होती. डबा उघडून तिने अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"साहेबांनी सांगितलं ते."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. काउंटरवरचा एक बिल्ला उचलून माझ्यासमोर ठेवला, परक्या प्रेक्षकांना देते तसा.

"पिशवी असेल तर इथे ठेवा," ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात मावशीने मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.