रोवणा आटोपल्यावर समुद्र

साकोलीच्या बसस्टँडवर आम्ही दोघं सकाळी सहालाच येऊन उभे राहिलो. नागपूरच्या गाडीला पाऊण तास होता. माझ्या एका हातात बॅग, खिशात टाईप केलेला कागद, आणि दुसऱ्या हाताच्या कोपराला अनुसया. सहा महिन्यांपासून माझी बायको अशीच कोपर धरून चालत होती. ओळखीचा एक कंडक्टर टपरीवर चहा पीत होता.

"काहून बाबूजी, जोड्यानं कुठी चालले?"

"गोव्याले. समुद्र पाहाले."

"अरे बापा! लय दूर. पन बराबर हाये, रोवणा आटोपला ना!" (रोवणा म्हणजे धानाची लावणी.)

त्या वेळी ते ऐकून मला बरं वाटलं. आज वाटतं, त्याला गदागदा हलवून विचारावं, बाबा रे, तुला तरी कसं कळलं नाही? पण त्याला काय म्हणून बोलू? आमच्या अख्ख्या सानगडी गावात कुणाला कळलं नव्हतं. मी तर कचेरीतला शहाणा माणूस, सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा. मलाही कळलं नव्हतं.

मी साकोलीच्या कचेरीत कारकून. घर सानगडीला, दोन एकर धान. पौषात अनुसयेला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "कडेची नजर गेली, ती येत नाही. मधली थोडी आहे, तीही वर्षभरात जाईल. भरपूर उजेड असेल तर दिसेल यांना. काही पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या."

परतीच्या बसमध्ये ती भंडाऱ्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "मले समुद्र पाहाचा हाये जी. निळं पानी रायते म्हनते ना?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. या बाईनं माझ्याकडे कधी बांगडी मागितली नव्हती.

समुद्राचं खूळ तिच्या डोक्यात भरलं ते आमच्या कचेरीतल्या डोंगरे साहेबांनी. ते दिवाळीनंतर गोव्याला जाऊन आले होते आणि आमच्या ओसरीत बसून दोन तास सांगत होते. निळंशार पाणी, पांढरी रेती, माडाखाली खुर्ची टाकून पडायचं, ताजी मासळी खायची, काजूच्या फळांची दारू गावोगाव गाळतात ती हवी तर चाखायची, कुणाला कसली घाई नाही. अनुसया दाराआड उभी राहून ऐकत होती. आमच्याकडे पाणी म्हणजे तलावाचं. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात हिरवं. निळं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मीही नाही.

तिनं बसमध्ये मागितलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच निघायला हवं होतं. पण नाही! मला निवांत जायचं होतं. धावतपळत नेऊन आणायचं नव्हतं, सगळ्या जन्माचं एकदाच जाणं, ते बेस व्हायला पाहिजे. माघात चुरणा (धानाची मळणी) सुरू होता. मग कचेरीत मार्चअखेर. मग ऊन, एवढ्या उन्हात तिचे डोळे घेऊन कुठं हिंडायचं? मग पेरणी, मग पऱ्हे (धानाची रोपं) उपटायचे दिवस. आमच्याकडे झाडीपट्टीत माणूस मोकळा होतो तो रोवणा संपल्यावर. शेवटच्या बांधीत (धानाच्या खाचरात) रोप लागलं, पाणी बांधलं, की कापणीपर्यंत हात रिकामे. लेक माहेरी येते ती तेव्हाच, पाहुणे जेवायला जातात ते तेव्हाच. म्हणून मी श्रावण धरला. कचेरीच्या टाइपरायटरवर सगळा कार्यक्रम टाईप केला. दिवस पहिला, आगमन व विश्रांती. दिवस दुसरा, समुद्रदर्शन. दिवस तिसरा, विश्रांती. मोठा अभिमान वाटला होता त्या कागदाचा.

नागपूरहून रेल्वेनं मुंबई, आणि मुंबईहून बोटीनं पणजी असा माझा बेत होता. डोंगरे साहेब बोटीनंच गेले होते. धक्क्यावर पोचलो तर शुकशुकाट. छत्री धरून बसलेला एक हमाल आमच्याकडे पाहून हसला.

"बोट? पावसाळ्यात कुठली बोट, मास्तर? गणपतीनंतर या."

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. पाऊस माझ्या ओळखीचा होता, पण धानाचा पाऊस. पाऊस म्हटला की आम्ही आभाळाकडे पाहून हात जोडतो. पावसानं समुद्र बिघडतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपला चिडलो, बॅग उचलली आणि बसची तिकिटं काढली. अनुसया म्हणाली, "बसनं तर बसनं. पोचू ना?"

घाटांमधून बस अशी वळत होती की तिला चार वेळा ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी पणजी, तिथून तासाभराची आणखी एक बस, आणि मग समुद्रकाठचं ते गाव. चिंब. कौलांवर शेवाळ, रस्त्यावर पाणी, दुकानांना निम्म्या फळ्या. खोली मिळाली फिलोमेनाबाय नावाच्या म्हाताऱ्या विधवेकडे. दार उघडून तिनं आम्हां दोघांकडे पाहिलं आणि पहिला शब्द काढला तो हाच, "पावसांत कित्याक आयल्यात?" (पावसात कशाला आलात?)

मी म्हटलं, "समुद्र पाहायला."

तिनं गळ्यातल्या क्रॉसला हात लावला आणि आत जाऊन आमच्यासाठी चहा ठेवला.

त्या संध्याकाळीच गेलो. माडांच्या मधून पायवाट होती. वाटेत होड्या झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या. आवाज केव्हापासून येत होता, नागझिऱ्याच्या जंगलात वादळ सुटावं तसा. वाट संपली आणि समोर काहीच नव्हतं. आभाळ पांढरं, पाणी पांढरं, मधे पावसाची झड. जिथं लाट फुटत होती तिथं पाणी आमच्या बांधीतल्या चिखलाच्या रंगाचं होतं. डोळे चांगले असलेल्या मला ते एवढं दिसलं.

अनुसया चेहरा इकडून तिकडे फिरवत होती. तिला मधल्या एका भोकातून दिसायचं, म्हणून कोंबडीसारखी मान हलवून ती एकेक तुकडा शोधायची. बराच वेळ शोधून म्हणाली, "कुठी हाये जी?"

मी तिची मान धरून समोर वळवली. "हे काय, समोर."

"मले तं पांढरंच दिसून राह्यलं."

तेवढ्यात लाट आली, दोघांच्या गुडघ्यांपर्यंत. ती माझ्या अंगावर पडली, तिची एक चप्पल गेली. ओंजळ भरून तिनं पाणी चाखलं आणि थुंकलं. "खारं हाये खरंच," म्हणाली आणि हसली. मला मात्र रडू आलं. पावसात ते कुणाला दिसणार होतं म्हणा.

मग आम्ही उन्हाची वाट पाहत बसलो. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. फिलोमेनाबाय रोज सकाळी अंगणात उभी राहून म्हणायची, "फाल्यां" (उद्या). जेवायला लाल, जाड उकडा तांदूळ आणि सुक्या मासळीची आमटी. ताजी मासळी नाही, कारण पावसाळ्यात होड्या जात नाहीत. अनुसयेनं भाताचं शीत बोटांत चुरडून पाहिलं आणि आम्हां धानवाल्यांच्या तोऱ्यात म्हणाली, "तांदूळ जाडा हाये बाई, पन गोड हाये." दोघी बायकांचं छान जमलं. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, तरी दिवसभर बोलत बसायच्या. मी आढ्याकडे पाहत पडून राही. कागदात लिहिल्याप्रमाणे विश्रांती चालली होती.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बस होती, रजा संपत होती. जेवण झालं, पाऊस कोसळतच होता. अनुसया झोपली. मला त्या खोलीत बसवेना. छत्री घेतली आणि फाट्यावरच्या दारूच्या दुकानात गेलो. मी पिणारा माणूस नव्हे. आमच्याकडे मोहाची घरोघर गाळतात, मी कधी तोंडाला लावली नव्हती. त्या दिवशी लावली.

दुकानदाराला म्हटलं, "काजूची भट्टी कुठं पाहायला मिळेल?"

"भट्टी उन्हाळ्यात, काजू पिकला की. आता बाटलीतलीच घ्या." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही सगळंच चुकीच्या महिन्यात शोधताय."

मी त्याला शिवी दिली. मनातल्या मनात, आणि ती खरं तर मला होती. दुसरा ग्लास मागवला. मोहासारखाच मातकट, फळ कुजल्याचा वास. किती वेळ बसलो कोण जाणे. मान वर केली तर टेबलावर माझ्या हाताची सावली पडली होती.

सावली! मी छत्री तिथंच टाकून धावलो. रस्ता चमकत होता, माडांच्या झावळ्या चमकत होत्या, सगळं गाव धुऊन काढल्यासारखं लख्ख. पन्नाशीतला माणूस, पोटात दारू, चिखल. दोनदा पडलो. घराच्या पडवीत अनुसया उभी होती. एका पायात तिची उरलेली चप्पल, दुसऱ्यात फिलोमेनाबायची. म्हातारीचे गुडघे धरलेले, अनुसयेला उतरणीवरून नेणं तिला जमत नव्हतं, ती नुसती रस्त्याकडे हाका मारत होती. आणि अनुसया पाठीवर ऊन घेत रस्त्याकडे तोंड करून उभी होती. समुद्र तिच्या पाठीमागे होता.

"कुठी गेल्ते जी? बाई कवाची म्हनून राह्यली, ऊन पडलं, ऊन पडलं."

मी तिला ओढतच नेलं. वाटेवर कवडसे होते. अर्ध्या वाटेत ते विझले. रेतीवर पोचलो तेव्हा पुन्हा तेच पांढरं आणि पुन्हा पाऊस. ती माझ्या तोंडाजवळ आली, तिनं हुंगलं, आणि म्हणाली, "मोहाचा वास येऊन राह्यला तुमच्या तोंडाचा." एवढंच. रागावली असती तर मी जगलो असतो.

परतीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. मुंबई, नागपूर, भंडारा, साकोली. सानगडीत शिरताना दोन्ही बाजूंनी धान हिरवंगार उभं होतं, सगळीकडे स्वच्छ ऊन. अनुसया खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "आपला धान बेस दिसते जी." मी मान खाली घातली.

संध्याकाळी शेजारच्या बाया ओसरीत जमल्या. "पाहालं का वो समुद्र? कसा होता?"

"पाहालं ना," अनुसया म्हणाली. "निळंशार पानी, डोळ्यात माईना. यायनं सारं बेस जमवलं होतं." मी आत चुलीपाशी बसून ऐकत होतो. बाया मला शाबासकी देऊन गेल्या. पुढं कितीतरी जण कार्यक्रमाचा तो कागद मागायला आले, म्हणाले, आम्हीही जातो पुढच्या श्रावणात. मी एकेकाला बसवून सांगितलं, श्रावणात जाऊ नका, आपल्याला सवड असते तेव्हा समुद्राला नसते. 'काहून?' (का?) याचं उत्तर मात्र मी कुणाला दिलं नाही.

कापणीच्या आधी तिची उरलेली नजर गेली. मार्गशीर्षात मी रजेचा अर्ज लिहिला आणि तिला म्हटलं, पुन्हा जाऊ, या दिवसांत तिकडे खरंच निळं असतं म्हणतात. ती तांदूळ निवडत होती, बोटांनी खडे शोधत. हात न थांबवता म्हणाली, "मी येऊन काय करू जी? तुमी जाऊन या. नीट पाहा, अन् मले सांगा."

तो अर्ज मी दिला नाही. त्याला आता चार वर्षं होतील. दर हिवाळ्यात ती एकदा विचारते, "कवा जाता जी समुद्र पाहाले?" आणि मी म्हणतो, जाऊ, चुरणा आटोपला की.