इतिहास उद्यानातला आंबा

“इसमें ये आम किसका है?” तिवारीजींनी माझ्या ड्रॉइंगवर पेनाचं टोक टेकवून विचारलं.

मी म्हटलं, “किसी का नहीं है. पहले से है.”

“किसी का नहीं है तो हटाइए.”

तिवारीजी म्हणजे भोपाळच्या अयोध्या नगरमधल्या एका कॉलनीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. कॉलनीच्या पार्कचं त्यांना ‘इतिहास उद्यान’ करायचं होतं. इतिहासातल्या थोर व्यक्तींचे फायबरचे पुतळे, प्रत्येकाशेजारी त्या व्यक्तीशी नातं असलेलं झाड, आणि खाली बोर्ड. मी इथल्याच एका छोट्या ऑफिसात लँडस्केप आर्किटेक्ट आहे. बागा कागदावर काढणं हे आमचं काम. त्या कागदाप्रमाणे जमिनीवर काही होईल, अशी अपेक्षा पहिल्या वर्षानंतर कोणी ठेवत नाही.

आमचं काम सर्वेपासून सुरू होतं. जागेवर आधीपासून असलेलं प्रत्येक झाड मोजायचं आणि ड्रॉइंगवर तिथे एक वर्तुळ काढायचं. फांद्या जिथवर पसरतात तेवढं वर्तुळ. त्याच्या आत खोदायचं नाही, कारण झाडाची पाणी पिणारी बारीक मुळं तिथपर्यंत असतात. त्या पार्कात मोठं वर्तुळ एकच होतं. नेमकं मधोमध, जिथे समितीला सम्राट अशोक उभा करायचा होता.

कोणाला कोणतं झाड हे समितीने आधीच ठरवलं होतं. गौतम बुद्धांना पिंपळ. अहिल्याबाईंना बेल. सम्राट अशोकाला अशोक; त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. नूरजहाँला गुलाब, कारण गुलाबाचं अत्तर तिने शोधलं. ते श्रेय जहांगीरने स्वतःच्या आठवणींत सासूला, म्हणजे नूरजहाँच्या आईला दिलं आहे, असं मी हळूच सांगून पाहिलं. पण व्हेंडरकडे आईचा पुतळा नव्हता. हिंदुस्थानात आल्यावर बाबराला आपल्याकडच्या खरबुजांची फार आठवण यायची, म्हणून कोणीतरी बाबर सुचवला. त्यावर मात्र दोन मीटिंगा झाल्या. शेवटी बाबर गेला, खरबूज राहिलं. ते कोणाचं हे बोर्डावर लिहायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं.

मी मीटिंगमध्ये फारशी बोलत नाही. वाक्य मनात इंग्रजीत तयार होतं, हिंदीत बाहेर यायला निघतं, तोवर लोक समोशापर्यंत पोहोचलेले असतात. पण त्या आंब्यासाठी बोलणं भाग होतं. कारण थोरांपैकी कोणाचा नसला, तरी तो कोणाचा आहे हे मला माहीत होतं.

तो केकरे काकूंचा होता. त्यांच्या घराची मागची भिंत पार्कला लागून आहे. सर्वेच्या दिवशी मला उन्हात टेप धरून उभी पाहून त्यांनी पाणी प्यायला बोलावलं, आणि मी मराठी आहे हे कळल्यावर जेवूनच सोडलं. मूळच्या नागपूरच्या. पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर सोडून इथे घर बांधलं, तेव्हा मागे नुसतं माळरान होतं. माहेरून आलेल्या आंब्याची कोय त्यांनी तिथे पुरली आणि रोपाने मूळ धरेपर्यंत बादलीने पाणी घातलं. काका गेल्यापासून त्या दुपारी त्याच्याखालीच खुर्ची टाकून बसतात. दर उन्हाळ्यात लोणचं त्याच्याच कैऱ्यांचं.

“राहील ना गं झाड?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “बघते.” आमच्या धंद्यात ‘बघते’चा अर्थ ‘नाही’ असा होतो. काकूंना हे माहीत नव्हतं. त्या निश्चिंत झाल्या.

ऑफिसात मी सरांना म्हटलं, अशोकाला थोडा बाजूला सरकवू या. सर इंदूरचे, स्वभावाने प्रेमळ, फक्त क्लायंटला ‘नाही’ म्हणत नाहीत. ते म्हणाले, “अगं, त्यांना अशोक सेंटरलाच पाहिजे. आंब्याचं काय, दुसरा लावू.” ‘दुसरा लावू’ एवढ्या दोन शब्दांत आम्ही किती सावली संपवली असेल, देव जाणे.

मग मी अभ्यास करून पुढच्या मीटिंगला गेले. तिवारीजींना सांगितलं की अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले आणि आमराया लावल्या, हे त्याने स्वतः स्तंभावर कोरून ठेवलं आहे. म्हणजे अशोकाशेजारी आंबाच शोभतो. आणि तो तर आयताच उभा आहे.

तिवारीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “मैडम, बात आपकी सही है,” ते म्हणाले, “पर आम तो हर घर में है. हिस्टोरिकल लुक नहीं आता.”

झाड तोडण्याचा अर्ज महापालिकेकडे गेला. परवानगी उद्घाटनाआधी काही आली नाही. आंबा तात्पुरता वाचला, आणि अशोकाला तात्पुरतं झाडाच्या बाजूला उभं केलं गेलं. परवानगी आली की दोघांचंही बघू, असं ठरलं.

उद्घाटन भर उन्हाळ्यात होतं. झाडं नर्सरीतून भाड्याने आली. आमच्याकडे ही पद्धत आहे: पाहुणे येण्याआधी कुंड्या मातीत पुरायच्या, पाहुणे गेले की उपटून परत करायच्या. बोधिवृक्ष बुद्धांच्या गुडघ्याला लागत होता. खरबुजाच्या वेलाला फळ धरलं नव्हतं, म्हणून कंत्राटदाराने बाजारातून दोन खरबुजं आणून हिरव्या सुतळीने बांधली. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागले.

पाहुणे आले. मंडपात कूलर होते, पण त्यातून गरम वाराच येत होता. पुतळ्यांसमोरून चक्कर मारता मारता पाहुणे थेट आंब्याखाली गेले आणि तिथून हलेनात. रुमालाने मान पुसली, वर लटकलेल्या कैऱ्या पाहिल्या, बुंध्यावर हात ठेवला.

“वाह,” ते म्हणाले. “ये पेड़ किसका है?”

“सर, सम्राट अशोक का,” तिवारीजी म्हणाले. जराही थांबले नाहीत. “उन्होंने आम के बाग़ लगवाए थे. स्तंभ पर लिखा है.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे.

“इसको संभालकर रखिएगा,” पाहुणे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आंब्याचं इतकं वय असतं का, कॉलनी कधीची, यातलं कोणीच काही विचारलं नाही. संपूर्ण समिती इंजिनियरांची होती.

केकरे काकू मागच्या खुर्च्यांवर बायकांत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, “काकू, मी सांगू का त्यांना खरं काय ते?”

“काय सांगशील? शेजारच्या बाईनं कोय पुरली म्हणून?” काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. “गप बस. उद्याच तोडतील. असू दे अशोकाचा.”

तोडण्याचा अर्ज मागे घेतला गेला. अशोक कायमचा बाजूला सरकला. वर्तुळाच्या आत कोणी खोदलं नाही. भाड्याची झाडं परत गेली, त्यामुळे उद्यानात आता पुतळे आहेत आणि एक झाड. त्याला लोखंडी कठडा आहे आणि बोर्ड आहे: ‘सम्राट अशोक कालीन वृक्ष. फल तोड़ना एवं नीचे बैठना मना है.’ राखायला चौकीदार ठेवलाय. काकूंनी भिंतीवरून काठी घातली की तो शिट्टी वाजवतो. या उन्हाळ्यात त्यांनी लोणच्याची कैरी बाजारातून आणली. बरणी माझ्याकडेही आली. काकू म्हणाल्या, “आंबट नाही तशी, पण खा.”

मी या प्रोजेक्टमधून एक गोष्ट शिकले. नवीन साइटवर मोठं झाड दिसलं, की ते कोणी लावलं हे मी विचारत नाही. लावणारा जिवंत निघाला, तर झाडाचं काही खरं नाही. ड्रॉइंगवर वर्तुळ काढते आणि शेजारी ‘ऐतिहासिक’ असं लिहिते. अजून एकाही क्लायंटने पुरावा मागितलेला नाही.