माद्रिदमधली वाट्यांची मॅच

माझे वडील दर वर्षी दोन-तीन महिने आमच्याकडे लंडनला, हॅरो भागात येतात आणि दर वर्षी खिडकीत उभे राहून तोच प्रश्न विचारतात. "अगं, हितली माणसं सहाला जेवून जातात तरी कुठं?" मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्यांमधून माणसं उतरतात, मान खाली घालून आपापल्या दारात शिरतात आणि नंतर रस्त्यावर फक्त कचऱ्याचे बिन उरतात. अप्पा कोल्हापूरचे. माणसं दिसली नाहीत तर त्यांना जेवण जात नाही.

कोल्हापूरचे म्हणजे फुटबॉलचे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक पेठेची तालीम असते, म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण त्याच तालमीची फुटबॉल टीमही असते आणि तिच्यापायी सख्खे शेजारी आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. अप्पा आमच्या पेठेकडून लेफ्ट विंगला खेळायचे. गुडघा गेल्यावर ते बघणाऱ्यांत आले आणि म्हातारपणी टीव्हीवरच्या स्पॅनिश फुटबॉलचे भक्त झाले. इंग्लंडचं फुटबॉल त्यांना पटत नाही. "नुसती पळापळ," म्हणतात.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. इंजेक्शनं झाली. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, असं निदान. मी फोनवर रडकुंडीला आले होते आणि अप्पा पलीकडून केस कापून घ्यायला निघाल्यासारखे म्हणाले, "मग स्पेनची एक मॅच तेवढी बघून घेतो." मुंबईला व्हिसाचे सोपस्कार करूनच ते यंदा सप्टेंबरमध्ये आले. तिकिटं माझ्याकडे.

मी हौसेने माद्रिदमधल्या स्टेडियमच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या दोन जागा घेतल्या. वरून अख्खं मैदान दिसतं, हा माझा विचार. मी एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. नजर अधू झालेल्या माणसाला अख्खं मैदान नको असतं, चेंडू जवळ हवा असतो, ही स्वतःची चूक मात्र मला सापडली नाही.

माद्रिदने अप्पांना पहिल्याच संध्याकाळी खिशात घातलं, पण त्याआधी उपाशी ठेवलं. हॅरोच्या सवयीने आम्ही सात वाजता जेवायला बाहेर पडलो. पहिल्या हॉटेलात खुर्च्या टेबलांवर उलट्या. दुसऱ्या हॉटेलातल्या वेटरने मनगटावर बोट आपटून नऊ बोटं दाखवली. शेवटी एका चौकातल्या बाकावर बसून आम्ही मी घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. मी चिडचिड करत होते. अप्पांचं लक्षच नव्हतं, कारण चौक भरायला लागला होता.

नऊला माणसं आली. दहाला आणखी आली. काठी टेकत, लिपस्टिक लावून आज्या आल्या. बाबागाड्या आल्या. पोरं चौकात चेंडू खेळू लागली आणि त्यांना कुणी "झोपा आता" म्हणत नव्हतं. कुणी पिऊन पडलेलं नाही, कुणी घाईत नाही, सगळे एकाच वेळी बोलतायत. मला लंडनमध्ये वीस वर्षं झाली आणि मी रात्र म्हणजे दार लावून घेण्याची वेळ असंच समजू लागले होते. त्या बाकावर मला त्याची लाज वाटली.

"आपल्या रंकाळ्यासारखं हाय की गं हे," अप्पा म्हणाले. तळ्याकाठी भेळ खात फिरणारं अख्खं कोल्हापूर त्यांना तिथे भेटलं असावं. मग आम्ही आणखी एकदा, साग्रसंगीत जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या चित्रसंग्रहालयात गेलो. तिथे मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. एका भिंतभर चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले, मग मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी ते पाहिलं. "काळा रंग काय लावलाय बघ," एवढंच बोलले. चित्रात राजघराण्यातले डझनभर चेहरे होते. त्यांतल्या एकाबद्दलही ते बोलले नाहीत. फोनवर ते जे सांगत होते, त्यापेक्षा पुष्कळ जास्त गेलं होतं.

दुपारी एका तळघरात फ्लामेंको नाचाचा छोटा कार्यक्रम पाहिला. तिथे त्यांना डोळ्यांची गरज पडली नाही. नाचणाऱ्या बाईंच्या टाचा लाकडावर वाजायला लागल्या आणि अप्पांनी मांडीवर ताल धरला, आणि एका अवघड जागी सम आल्यावर त्यांच्या तोंडून मोठ्याने "वा!" निघालं. आजूबाजूचे तिथलेच लोक तसंच ओरडत होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मला या शहराचं हे फार आवडलं. दाद देण्यासाठी कुणी शेवटपर्यंत थांबत नाही.

आणि मग मॅच.

रोज पायऱ्या चढताना कण्हणारा माणूस त्या उंच जिन्यावरून माझ्या पुढे गेला. वर पोहोचलो, तर दिव्यांखाली हिरवंगार मैदान आणि चारही बाजूंनी माणसंच माणसं. मी नुसती बघत राहिले. अप्पांनी बसल्या बसल्या माद्रिदची टीम आपली करून टाकली. आमच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडून टरफलं पायाशी टाकत होते. सगळं स्टेडियमच ते करत होतं. त्यांनी न विचारता अप्पांच्या ओंजळीत मूठभर बिया ओतल्या.

दहा मिनिटांत मला कळलं. आरडाओरडा जिकडे व्हायचा तिकडे अप्पा मान वळवत होते, पण प्रत्येक वेळी थोडं उशिरा.

"दिसतंय ना, अप्पा?"

"दिसतंय की. लई भारी."

थोड्या वेळाने सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि हताश होऊन खाली बसलं. अप्पाही उठले, बसले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बॉल कुठं हाय गं?"

मला स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली. एवढा प्रवास, एवढा व्हिसा, आणि मी त्यांना आभाळात आणून बसवलं होतं. खाली जागा मिळते का विचारायला मी उठले, तर त्यांनी दंड धरून खाली बसवलं. "मॅच सोडून जातीस कुठं? सांग की मला."

मी सांगायला लागले. "आपला एक जण पळतोय. आता दुसऱ्याकडे दिला. तो पण पळतोय."

"पळतोय पळतोय काय करतीस? विंग सांग. कोण मोकळा हाय ते सांग."

इथे मला आमच्या कोल्हापूरच्या घराबद्दल सांगावं लागेल. आमच्या लहानपणी मुली मॅचला जात नसत. निदान आमच्या घरातल्या नाही. मैदानाचा गलका गच्चीवर ऐकू यायचा, तेवढाच माझा वाटा. संध्याकाळी अप्पा घरी येऊन जेवायला बसले, की ताटाभोवतीच्या वाट्या सरकवून माझ्या भावाला सगळी मॅच दाखवायचे. आमटीची वाटी म्हणजे गोलकीपर, लिंबाची फोड म्हणजे बॉल. भावाचं निम्मं लक्ष जेवणात. मी पोळ्या वाढायच्या निमित्ताने तिथेच घुटमळायची. एकदा मी विचारलं, लिंबू मागे दिलं असतं तर? "तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून त्यांनी लिंबू पिळून टाकलं. मी नववीत होते. ते मला अजून लागतं.

तर त्या वरच्या मजल्यावर मी डोळे खाली रोखले आणि वाट्या आठवल्या. "लेफ्ट विंगला बॉल आहे. त्यांचा बॅक पुढे ओढला गेलाय, त्याच्या मागे मोकळी जागा पडलीय. हाफ तिकडे धावतोय, पण ह्याने दिला नाही. आत कट मारतोय. दोघं अंगावर. मागे द्यायला हवा... दिला! मागे दिला!"

पुढचं मला सांगावं लागलं नाही. आवाजानेच आमच्या खुर्च्या हलल्या. शेजारच्या गृहस्थांनी अप्पांना मिठी मारली आणि अप्पांनी मला.

हाफ टाइमला सगळ्यांनी फॉइलमध्ये गुंडाळलेले पाव बाहेर काढले. आम्हीही फॉइल उघडलं, उरलेल्या दशम्या आणि ठेचा. बियांची परतफेड म्हणून अप्पांनी गृहस्थांना ठेचा लावून एक घास दिला. त्यांचे डोळे भरून आले, नाक लाल झालं, आणि त्यांनी हात पुढे करून आणखी मागितला. अप्पा खूश. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला ही विंगबिंग कुणी शिकवली?"

"तुम्हीच. वाट्या मांडून."

"ते मी त्याला सांगत हुतो."

"हो ना. पण ऐकत मी होते."

ते बिया फोडत बसले. उत्तरार्ध मी घसा बसेपर्यंत सांगितला आणि त्यांनी एकदाही टोकलं नाही. आपण दोन-एकने जिंकलो.

जेवायला बसलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि हॉटेलात बसायला जेमतेम जागा मिळाली. एका कोपऱ्यातल्या टेबलावर बशा येऊ लागल्या, सगळ्या तळहाताएवढ्या. बटाटे, मिरच्या, ऑलिव्ह. अप्पांनी बोटांनी चाचपून एकेक बशी बाजूला सारली आणि टेबलाच्या मधोमध जागा केली. मला वाटलं, पाण्याचा ग्लास हवा असेल.

"आपला पहिला गोल कसा झाला ते मांड," ते म्हणाले.

मी मिरच्यांची बशी गोलात ठेवली. बटाट्यांच्या दोन बशा म्हणजे समोरच्या टीमचे बॅक. ऑलिव्ह हातात घेतलं, अप्पांचं बोट त्याच्यावर ठेवलं आणि बोटासकट विंगवरून आत आणलं. शेवटच्या पासपाशी ते थांबले.

"मागं दिला?"

"मागे दिला."

"बरोबर. मागंच द्यायला पायजे." बोट ऑलिव्हवरच होतं. "तू नववीत हुतीस तवाच म्हणाली हुतीस."

मला वाटलं होतं, ते फक्त माझ्याच लक्षात आहे. मी नाक पुसायला रुमाल शोधू लागले, तर त्यांनी टेबलावर टिचकी मारली.

"हां, आता दिसला हा. दुसरा मांड."

मी बशा पुन्हा मांडायला घेतल्या.