झाकणामागचा सात नंबर

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली मापसाहेब म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, वजनांवर शिक्के मारले, पारड्याखाली चिकटवलेले खडे नखाने उकरून काढले. दुकानात कधी चहा घेतला नाही. चहा सोडाच, दुकानदाराच्या पंख्याखालीसुद्धा उभे राहिले नाहीत. बायको येईल त्याला सांगायची, "मुलगी झाली तेव्हा नर्सने तिचं वजन सांगितलं, तर ह्यांनी आधी काट्याचा शिक्का पाहिला, मग मुलगी."

असा माणूस सिनेमाच्या भानगडीत पडला तो मेहुण्यापायी.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरायचं आणि उरल्या वेळात स्वतःचा सिनेमा करायचा, हा त्याचा उद्योग. तीन वर्षं खपून त्याने एक सिनेमा पुरा केला आणि एका बड्या पुरस्कार मंडळाकडे पाठवायला काढला. "भाऊजी, तुमच्या हाताने बंद करून द्या," म्हणाला. भाऊजींनी पेनड्राइव्ह पत्र्याच्या डबीत घातला, डबीभोवती तार आवळली, तिच्या टोकाला शिसं लावलं आणि पकडीने दाबून सरकारी थाटाचं सील केलं. सिनेमा मात्र पाहिला नाही. पाहू सावकाश, पळून जातोय थोडाच, असं त्यांचं म्हणणं.

चार महिन्यांनी डबी परत आली. सोबत साखरेत घोळलेलं पत्र होतं. आपला चित्रपट परीक्षकांनी आवर्जून पाहिला, परंतु निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मेहुण्याने पत्राची घडी करून खिशात घातली. मापसाहेबांनी डबी उजेडात धरली. तार तशीच होती. शिसं तसंच होतं.

"अरे, उघडलीच नाही!" ते ओरडले. "पारड्यात न घालताच वजन सांगतात! लबाड लेकाचे!"

तर सिनेमांना बक्षीस देणारी मापसाहेबांची स्वतःची संस्था ही अशी रागातून जन्माला आली. संस्था म्हणजे मापसाहेबांची पुढची खोली, भिंतीवर एक चादर आणि मागून आणलेला प्रोजेक्टर. उद्देश एका ओळीचा होता आणि तो त्यांनी स्वतः दारावर लिहून लावला: 'इथे आलेला प्रत्येक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला जाईल.' परीक्षक तीन. शेजारच्या निवृत्त नर्सबाई, तराजू दुरुस्त करणारा एक जुना मिस्त्री आणि शाळेच्या वाचनालयातल्या बाई. तिघांचीही सिनेमावाल्यांशी ओळखदेख नाही, हीच त्यांची लायकी.

सिनेमा कुणाचा हे कुणालाही कळता कामा नये, असा नियम होता. म्हणून आलेल्या डब्यांवर बायको नंबर घाली आणि नावांची यादी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावी. पण पडद्यावर येणाऱ्या नावांचं काय? मापसाहेबांनी त्यावर रामबाण तोडगा काढला. ते प्रोजेक्टरच्या मागे बसत आणि नावं दिसायची वेळ झाली की भिंगापुढे जेवणाच्या डब्याचं झाकण धरत. झाकणावर थरथरणारा उजेड पाहून अक्षरं संपली की नाही याचा अंदाज घेत. परीक्षकांना याचा पत्ता लागू दिला नव्हता. लागला असता तर ती मंडळी सिनेमा सोडून नावांचेच अंदाज बांधत बसली असती.

रविवारमागून रविवार दुपारी पडदे ओढून सिनेमे पाहिले गेले. सात नंबरला झाकणावर काहीतरी रंगीबेरंगी भिरभिरायला लागलं ते थांबेचना. मापसाहेबांचा हात भरून आला, पण झाकण हललं नाही. चांगली दोन मिनिटं खोलीत मिट्ट काळोख होता आणि नुसते आवाज येत होते. कुणीतरी जिना चढलं. किल्ल्या पडल्या. एका बाईने विचारलं, "आलास?" आणि उत्तर आलंच नाही.

शेवटच्या रविवारी परीक्षकांनी एकमुखाने सात नंबर निवडला.

"काय ती सुरुवात!" नर्सबाई म्हणाल्या. "काळोखात नुसतं ऐकायचं. माझ्या अंगावर काटा आला."

"छाती लागते अशी हिंमत करायला," मिस्त्री म्हणाला.

मागे बसलेल्या मापसाहेबांच्या हातातून झाकण खणकन खाली पडलं. तेवढ्यात बायकोने कपाट उघडलं, खात्रीसाठी यादी पाहिली, तोंडावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अहो, आपला धाकटा! नातेवाईक चालत नाहीत असं तुमच्या नियमांत कुठेय?" आणि नवऱ्याला तोंड उघडायची उसंत न देता तिने भावाला फोनही लावला.

मापसाहेबांनी झाकण उचललं. जन्मभर लोकांच्या पारड्याखालचे खडे काढले, आणि आज स्वतःच खडा लावून बसलो, तोही मेहुण्याच्या पारड्याला! गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? बायको सुखात होती, पोराच्या तीन वर्षांचं चीज होत होतं. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले आणि झाकण हातात उंच धरून म्हणाले, "काळोख सिनेमात नव्हता. हा इथे होता."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की चौतीस वर्षांत एकाही दुकानदाराने तसं पाहिलं नव्हतं. पण सिनेमा पुन्हा लागला, बिनझाकणाचा. जिना तोच, किल्ल्या त्याच, पण वर गुलाबाच्या पाकळ्या उडत होत्या आणि सोनेरी अक्षरं गिरक्या घेत होती, थेट लग्नाच्या व्हिडिओसारखी. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन. दर वेळी एकच नाव नव्या कोपऱ्यातून उडी मारून येई. वाचनालयाच्या बाईंना हसू आवरेना. शेवटी एक बदाम फुगला आणि त्यात अक्षरं आली, 'विशेष आभार : ताई आणि भाऊजी'. मापसाहेबांनी चष्मा काढून पुसला. सिनेमा मग त्यांनीही शेवटपर्यंत पाहिला, या खेपेला हात मोकळा ठेवून.

पुन्हा मतं घेतली. पहिला आला तीन नंबर. सात नंबर चौथा.

मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने बसवून केव्हाचा दारात उभा होता. मापसाहेब त्याच्यासमोर गेले आणि झाकणापासून पाकळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. "बक्षीस माझ्यामुळे आलं आणि माझ्यामुळेच गेलं," ते म्हणाले. "तुझी काय शिक्षा असेल ती दे."

मेहुण्याने चादरीकडे पाहिलं. मग त्याने हळूच विचारलं, "भाऊजी, म्हणजे तुम्ही सगळ्यांनी माझा सिनेमा दोनदा पाहिलात?"