माहेरच्या आडनावाची नोंद

पेनसिल्व्हेनियात आल्यावर मला काम करायची परवानगी मिळायला बरीच वर्षं गेली. ती मिळाली तेव्हा एका वकीलबाईंच्या ऑफिसात जुने दस्त शोधायची नोकरी लागली. आमच्या भागात जमिनीखाली खोलवर गॅस आहे, आणि इथल्या कायद्याने जमीन एकाची, तर तिच्या पोटातला गॅस दुसऱ्याचा असू शकतो. कुणाचं काय, ते काउंटी कोर्टाच्या तळघरातल्या नोंदवह्यांमधून काढायचं. माझे वडील तलाठी होते. सातबारा, फेरफार हे शब्द ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे काम परकं वाटलं नाही.

एकदा ऐंशीच्या घरातले एक शेतकरी ऑफिसात आले. त्यांच्याकडे पूर्वी गायी होत्या, आता नुसतं गवत कापून विकायचे. शेजारच्या टेकडीवरून जमिनीखाली आडवं बोअर मारून एक कंपनी त्यांच्या शेताखालचा गॅस काढणार होती आणि पाइपलाइन त्यांच्या सफरचंदांच्या झाडांमधून नेणार होती. गॅसचा हक्क आपल्याकडे आहे, असं कंपनी म्हणत होती. तिच्याजवळ नंतरचे सगळे कागद होते. पहिलं खरेदीखत मात्र तिलाही सापडत नव्हतं. त्याच मुद्द्यावर वकीलबाईंनी शेतकऱ्यांच्या वतीने कंपनीवर केस केली.

"जमीन माझ्या आईच्या वडिलांची. तिच्याकडून मला आली," ते म्हणाले. "आम्ही कुणाला काही विकलेलं नाही."

मी आठवडाभर त्यांच्या आडनावाखाली शोधलं. काहीच नव्हतं. मग सहज सुचलं की आईचं माहेरचं आडनाव बघावं. माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि त्यापायी इथे मला कितीतरी खिडक्यांवर खुलासे द्यावे लागले आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी दस्त मिळाला. जमीन वडिलांकडून आलेली, म्हणून लग्नानंतरही ती आईच्या माहेरच्या नावावरच राहिली होती आणि दस्तही त्याच नावाने झाला होता. जमीन स्वतःकडे ठेवून त्यांच्या आईने खालचा गॅस आणि तेल कायमचं विकलं होतं. खाली तिची सही होती, शाळेत गिरवतात तशा अक्षरातली.

मी वही बंद केली. हे दुसऱ्या कुणाला सापडलेलं नव्हतं. पण माझ्या तलाठी वडिलांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला नोंद दिसली नाही असं म्हणता येत नाही. मी प्रत काढून वकीलबाईंना दिली.

त्यांनी शेतकऱ्यांना बोलावून घेतलं. "कंपनीला हा कागद अजून मिळालेला नाही," त्या म्हणाल्या. "पण रेकॉर्ड सगळ्यांना खुलं आहे. आणि तो नाहीच असं मी कोर्टात सांगणार नाही."

शेतकऱ्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. तारखेवर बोट ठेवलं.

"मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वडील छातीच्या दुखण्याने अंथरुणावर होते. गायी विकाव्या लागणार असं सगळे म्हणत होते. मग विकल्या नाहीत." चष्मा काढून ते म्हणाले, "कशा राहिल्या, ते मी कधी विचारलं नाही."

"आईने कधी सांगितलं नाही?" मी विचारलं. खरं तर मी तिथे बोलायचं काही कारण नव्हतं.

"नाही. वडिलांनाही सांगितलं नसावं."

वकीलबाईंनी लढायचे एक-दोन मार्ग सुचवले. त्या वेळी इतक्या खोलवरच्या गॅसची कुणाला कल्पना नव्हती, असा मुद्दा मांडता आला असता.

"नको," ते म्हणाले. "सही तिची आहे. केस मागे घ्या. झाडं तेवढी वाचतात का बघा."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं बरंही वाटलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू तुझं काम केलंस. आता सोड ना." त्याचं बरोबर होतं, तरी माझ्याने काही दिवस ते सुटलं नाही.

कोर्टकचेरी टळतेय म्हटल्यावर कंपनीने फार ताणलं नाही. पाइपलाइन रस्त्याच्या कडेने वळवली. झाडं राहिली, गॅस गेला. चर बुजवून वर गवत पेरलं होतं, ते नीट धरायला दोन उन्हाळे लागले. त्याआधी, कंपनीशी झालेल्या करारावरच्या शेवटच्या सह्यांना शेतकरी आले तेव्हा त्यांनी त्या दस्ताची आणखी एक प्रत मागितली. बहिणीला पाठवायची आहे, म्हणाले. तिलाही माहीत नव्हतं.