नानांना दिलेला सल्ला

नव्वदच्या आसपास मी जळगावात एका पाइपच्या कारखान्यात होतो आणि बायको धुळ्यात. कारखान्याच्या धुळ्यातल्या डेपोत इन्चार्जची जागा निघाली, तेव्हा ती मलाच मिळणार हे मी परस्पर ठरवून टाकलं. अडचण एकच: नाना. माझ्याहून पंधरा वर्षं जुने, रावेरकडचे केळीवाले, आणि कामातही माझ्यापेक्षा बरे.

साहेबांना गोल्फचा नाद. दर रविवारी ते आम्हा दोघांना भुसावळजवळच्या एका मैदानावर नेत. आमचे दोघांचेही चेंडू निघत बरे, पण हवेत उजवीकडे वळून बाभळीत शिरत. एकदा मातीत माझ्या काठीचा ओरखडा दिसला. चेंडू जिथे पोचवायचा त्या भोकातल्या झेंड्याकडे नव्हे, डावीकडे तिरका. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. काठीचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, जिकडे, चेंडू साधारण तिकडे निघतो. पण फटक्याची वाट त्या तोंडाच्या डावीकडे जात असेल, तर तो पुढे उजवीकडे वळतो. मी वाट सुधारली. चेंडू सरळ जाऊ लागला.

नाना मात्र घड कापताना कोयता ओढावा तशी काठी बाहेरून आत, पोटाकडे ओढायचे. जन्माची सवय.

"चेंडू तं उजवीकडेच पयतो रे. काय करू?"

"सोपं आहे, नाना. अंग आणखी डावीकडे वळवून उभे राहा. काठीचं तोंड तेवढं झेंड्याकडे ठेवा."

यानं वळण वाढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाना सरळ माणूस. चेंडू जितका वळे, तितके ते डावीकडे फिरत. शेवटी झेंड्यासमोर छाती काढून उभे राहिले.

"नाना, मारताय की झेंडावंदन करताय?" साहेब म्हणाले. बोटातला काटा उपसत नानाही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

महिनाअखेर साहेबांनी दोघांना बोलावलं. "धुळ्याला नाना जातील. यांचे चेंडू शोधण्यात माझा निम्मा रविवार जातो. तुमचा हात मात्र छान बसलाय. तुम्ही मला इथेच पाहिजेत."

बाहेर आल्यावर नाना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मी तं सायबाले आधीच सांगितलं होतं, याची बायको तिकडे आहे, त्यालेच पाठवा."

पुढची चार वर्षं मी दर रविवारी सरळ चेंडू मारत होतो.